बर्लिन पाहून आलेला माणूस

१९८६ साल असावे. रिसोड तालुक्यातल्या एका लहानशा शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो. वाशीम हा वेगळा जिल्हा अजून झालेला नव्हता. अकोल्यापासून तो वेगळा निघाला १९९८ मध्ये. पीककर्जाच्या वसुलीला गावोगाव फिरावे लागे. अशाच एका फेरीत एका निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर दुपारभर थांबण्याची वेळ आली, कारण ज्याच्याकडे आम्ही गेलो होतो तो शेतात गेलेला होता. गुरुजींनी चहा केला. थकबाकीदारांच्या नावाने बोटे मोडता मोडता आमच्यातला एक जण म्हणाला की या देशाला आता एक हिटलरच पाहिजे. हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते, लग्नाच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात, बँकेच्या काउंटरसमोरच्या रांगेत. मीही सवयीने मान डोलावली.

गुरुजी काही बोलले नाहीत. आत गेले, लोखंडी ट्रंकेतून फडक्यात बांधलेले एक पुस्तक घेऊन आले आणि ते माझ्या हातात ठेवले. पुस्तक इंग्रजी, १९३८ साली कलकत्त्यात छापलेले. विषय फॅसिझम. लेखक मानवेंद्रनाथ रॉय.

हे नाव मला घरातूनच ठाऊक होते, पण चांगल्या अर्थाने नव्हे. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्या लेखी रॉय म्हणजे ऐन लढ्यात इंग्रजांना जाऊन मिळालेला माणूस. त्यापुढे चर्चा नाही. आणि समोर बसलेले हे साधे, धोतर नेसलेले गुरुजी तरुणपणी त्याच रॉय यांच्या पक्षाचे सभासद होते. बेचाळीस साली गावाने त्यांच्याशी बोलणे टाकले होते, हे मला नंतर कळले. ते पुस्तक मी घरी आणले, आणि आजोबांच्या फोटोसमोर बसून वाचले म्हणा ना! तेव्हापासून या माणसाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

रॉय यांचे आयुष्य मी कादंबरीत घातले असते, तर प्रकाशकाने अतिशयोक्ती झाली म्हणून हस्तलिखित परत केले असते. जन्म १८८७ चा, बंगालातल्या चोवीस परगण्यांतला. मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. घराणे पुरोहितांचे. कोवळ्या वयात सशस्त्र क्रांतिकारकांत सामील झालेला हा तरुण १९१५ मध्ये जर्मन शस्त्रे मिळवण्यासाठी देशाबाहेर पडला. जावा, चीन, जपान असे करत तो अमेरिकेला पोहोचला आणि तिथे त्याने मानवेंद्रनाथ रॉय हे नाव घेतले. पुढे मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता. १९२० साली मॉस्कोत वसाहतींच्या प्रश्नावर खुद्द लेनिनच्या प्रबंधाला पुरवणी प्रबंध त्याने जोडला, आणि तो स्वीकारलाही गेला. वय तेहतीस! पुढे ताश्कंद, पुढे १९२७ चा चीन. या साऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते बर्लिनचे, कारण त्या दुपारच्या ओसरीचा धागा तिथे जाऊन पोहोचतो.

रॉय यांनी १९२२ मध्ये आपले ठाणे बर्लिनला हलवले आणि तिथून भारतासाठी पत्रक काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीत मुसोलिनीच्या काळ्या सदरेवाल्यांनी रोमकडे कूच केले आणि राजाने त्याला बोलावून पंतप्रधान केले. पुढच्या वर्षी जर्मनीत चलन कोसळले. मी बँकेत अठ्ठावीस वर्षे काढली, त्यामुळे या प्रकरणाशी मी नेहमी अडखळतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडत होते. आकडा पुन्हा वाचा. छपाईची चूक नाही. ज्या कारकुनाने, ज्या शिक्षकाने, ज्या विधवेने जन्मभर पै पै जमवून बचत खात्यात ठेवली होती, तिचे पोस्टाचे तिकीटही येईना. ज्याने कर्ज काढून घर बांधले होते, त्याचे कर्ज एका पावाच्या किमतीत फिटले. कष्टाने, काटकसरीने, सचोटीने जगणारा जो मधला वर्ग, त्याच्या पायाखालचे लाकूडच निघून गेले. असा वर्ग उपाशी मजुरासारखा रस्त्यावर येत नाही. तो घरात बसून आपला अपमान गिळतो आणि कुणाला तरी दोषी धरण्याची वाट पाहतो.

रॉय १९२८ मध्ये बर्लिनला पुन्हा आले, तेव्हा हे सारे पोटात घेऊन जर्मनी वरवर सावरलेला होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. शहाणी माणसे त्याला हसत होती. रॉय यांची उठबस होती ती आउगुस्ट थालहायमर आणि हाइनरिश ब्रांडलर या दोन जर्मन कम्युनिस्टांत. पक्षाच्या अधिकृत धोरणाशी त्यांचे फाटले होते. थालहायमर हा मोठा व्यासंगी माणूस. फॅसिझम म्हणजे भांडवलदारांचे भाडोत्री गुंड, एवढ्या सोप्या व्याख्येवर तो समाधानी नव्हता. फ्रान्समध्ये १८५१ साली लुई बोनापार्टने सत्ता कशी बळकावली याचा मार्क्सने केलेला अभ्यास त्याने पुढे ठेवला आणि वेगळाच उलगडा केला. समाजातले वर्ग एकमेकांशी झुंजून थकतात, कुणालाच निर्णायक जिंकता येत नाही. अशा वेळी धनिक वर्ग आपली मालमत्ता वाचवण्यासाठी आपली राजकीय सत्ता स्वखुशीने एका माणसाच्या हवाली करतो. तो माणूस शेतकऱ्याचा, शिपायाचा, बुडालेल्या मध्यमवर्गीयाचा तारणहार म्हणून मिरवतो आणि हळूहळू सर्वांच्याच डोक्यावर बसतो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वाटणीवरून भांडणाऱ्या भावांनी कंटाळून घराची किल्ली शेजारच्या पैलवानाकडे द्यावी, तसे. किल्ली देताना प्रत्येकाला वाटते, पैलवान आपल्या बाजूचा आहे.

या निदानातून उपायही निघत होता. फॅसिझम येऊ नये असे वाटत असेल तर त्याच्या विरोधातल्या सर्वांनी आधी एकत्र आले पाहिजे. पण मॉस्कोहून आलेला हुकूम नेमका उलटा होता. सोशल डेमोक्रॅट म्हणजे फॅसिस्टांचेच जुळे भाऊ, त्यांनाच आधी ठोका, असे १९२८ नंतरचे अधिकृत धोरण. ते किती थराला गेले पाहा: ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियातले सोशल डेमोक्रॅट सरकार पाडण्यासाठी घेतलेल्या सार्वमतात कम्युनिस्ट आणि नाझी एकाच बाजूला उभे होते. या आंधळेपणाविरुद्ध लिहिणाऱ्यांच्या पत्रात रॉय यांनी लेख दिले, म्हणून १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेने त्यांना हाकलले. लेनिनबरोबर बसलेला माणूस एका ठरावानिशी बहिष्कृत झाला. सहा वर्षांनी, १९३५ मध्ये, मॉस्कोने आपले धोरण बदलले आणि सर्वांच्या आघाडीची भाषा सुरू केली. पण तोवर जर्मनीत आघाडी करायला कुणी मोकळे उरलेच नव्हते. जे होते ते छळछावण्यांत, नाहीतर परदेशात. थालहायमर फ्रान्समार्गे थेट क्यूबाला गेला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला.

सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत हिटलरच्या १२ जागांच्या १०७ झाल्या. त्यानंतर थोड्याच महिन्यांत रॉय खोट्या नावाने मुंबईत उतरले. डॉ. महमूद या नावाने ते वावरत. पकडले गेलो तर जन्मठेप, हे माहीत असून आले.

इथे मला एका योगायोगाशी थांबायचे आहे. मार्च १९३१. आपल्या नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे गोलमेज परिषद आटोपून युरोपात फिरत होते. नेत्रवैद्यक म्हणून नावाजलेले, बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत जाऊन आलेले, हिंदू समाज दुबळा आहे ही खंत मनात बाळगणारे डॉक्टर. १९ मार्चला रोममध्ये त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली. लहान मुलांना लष्करी शिस्त लावणाऱ्या बालिला या संघटनेचे काम त्यांनी हिंडून पाहिले. ते त्यांना मनापासून आवडले, आणि तसे त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहूनही ठेवले. पुढे १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. त्याच मार्चच्या अखेरीस कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात रॉय नाव लपवून हिंडत होते. एकाच महिन्यात एक जण रोम पाहून भारावला होता, आणि दुसरा बर्लिन पाहून धास्तावून आला होता.

मुंजे यांना आज एका वाक्यात निकालात काढणे सोपे आहे, पण त्या वेळची हवा लक्षात घ्यावी. एका विस्कटलेल्या देशाला वळण लावणारा पुरुष म्हणून मुसोलिनीचे कौतुक पुण्या-मुंबईच्या वाचकांना नवे नव्हते. ‘केसरी’त इटलीवर लेख येत, आणि ‘केसरी’चे लंडनचे बातमीदार द. वि. ताम्हनकर यांचे मुसोलिनी आणि फॅसिझमवरचे मराठी पुस्तक १९२७ मध्येच निघाले होते. गुलाम देशातल्या माणसाला शिस्त, गणवेश, ताठ मान यांची भूक असते. शिवाय इंग्रजांना जो आव्हान देतो तो आपला, हा हिशेबही होता. वऱ्हाडातल्या कापसाचे भाव मंदीत गडगडले होते आणि शेतकरी सावकाराच्या दारात उभा होता. त्याला कुणी रोमच्या वेळेवर धावणाऱ्या गाड्यांचे वर्णन सांगितले असते, तर तोही हरखला असता. रोमच्या त्याच गाड्या पाहणाऱ्यांना १९२४ साली विरोधी खासदार मात्तेओत्तीचा भरदिवसा झालेला खून मात्र दिसत नसे.

रॉय यांना पोलिसांनी २१ जुलै १९३१ रोजी मुंबईत पकडले. सात वर्षांपूर्वीच्या कानपूर कटाचा खटला त्यांच्यावर चालला. शिक्षा बारा वर्षांची झाली, अपिलात सहा वर्षांवर आली. कानपूर, बरेली, अल्मोडा, डेहराडून अशा तुरुंगांतून त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ काढला. जर्मनीत राहिलेल्या एलन गॉट्शाल्क या त्यांच्या सहकारी मैत्रिणीची पत्रे आणि पुस्तके हाच बाहेरच्या जगाशी दुवा होता. हिटलर सत्तेवर आल्यावर एलन यांनाही बर्लिन सोडावे लागले. मे १९३३ मध्ये विद्यापीठाच्या तरुणांनीच जिथे पुस्तकांच्या होळ्या केल्या, त्या शहराची बातमी बरेलीच्या उन्हाळ्यात कोठडीतल्या या माणसाला कशी लागली असेल, याचा विचार माझ्यातल्या कादंबरीकाराला पुष्कळदा छळतो. त्याच काळात इटलीत मुसोलिनीच्या तुरुंगात आंतोनिओ ग्राम्शी हा आजारी माणूसही वह्यांमागून वह्या लिहून हाच प्रश्न उकलत होता, की लोक आपल्या बेड्यांना संमती कशी देतात. रॉय यांनी तुरुंगात तत्त्वज्ञान आणि विज्ञानावर नऊ जाडजूड वह्या भरल्या. शिवाय एका मांजराच्या तोंडून सांगितलेल्या आठवणीही लिहिल्या! कोरड्या विचारवंताचे हे काम नव्हे.

सुटका झाली नोव्हेंबर १९३६ मध्ये, आणि महिन्याभरात ते आपल्या खानदेशात आले. फैजपूरचे ते काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन. महाराष्ट्राशी त्यांची गाठ पडली ती अशी. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याकडे ओढले गेले. वेदान्त आणि धर्मशास्त्र कोळून प्यालेला ब्राह्मण पंडित आणि पुरोहितांच्या घरातून निघून नास्तिक झालेला बंगाली क्रांतिकारक, अशी ही जोडी. सासवडचे तारकुंडे पुण्यात वकिली करत होते. पुढे तेही आले, आणि भरात आलेली वकिली सोडून पूर्णवेळ काम करू लागले. एलन भारतात आल्या आणि १९३७ मध्ये दोघांनी लग्न केले.

१९३८ चे ते पुस्तक या सगळ्यातून आलेले आहे. थालहायमरचा वर्गांचा हिशेब त्यात आहेच, पण रॉय त्याच्याही मागे जातात. फॅसिझमची मुळे फक्त पोटात नसून डोक्यातही आहेत, असे ते मांडतात. बुद्धीपेक्षा अंतःप्रेरणा श्रेष्ठ मानणारे, इच्छाशक्तीची पूजा करणारे, व्यक्तीला राष्ट्र नावाच्या देवतेचा केवळ अंश समजणारे जे तत्त्वज्ञान युरोपात नीत्शेपासून जेंतिलेपर्यंत वाढले, त्याने आधी जमीन भुसभुशीत केली. मुसोलिनी आणि हिटलर यांनी नुसते बी टाकले. आणि मग ते आपल्याकडे वळतात. आध्यात्मिक वारशाचा गर्व, विभूतिपूजा, गुरूपुढे बुद्धी गहाण टाकण्याची सवय, आपण जगापेक्षा वेगळे आणि श्रेष्ठ ही भावना, असे सारे सामान आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भरलेले आहे. तेव्हा हा रोग परदेशचा म्हणून निर्धास्त राहू नका.

या पानांवर गुरुजींनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

मग महायुद्ध आले. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि रॉय यांनी ठरवले, की आता प्रश्न इंग्लंडचा नाही. हिटलर जिंकला तर जगात कुणाच्याच स्वातंत्र्याला अर्थ उरणार नाही, म्हणून या युद्धाला विनाअट मदत केली पाहिजे. शिवाय हे युद्ध लढता लढता इंग्रजी साम्राज्य असे खंगेल, की त्याला भारत हातात ठेवणे झेपणार नाही. १ सप्टेंबर १९४० हा दिवस फॅसिझमविरोधी दिन म्हणून पाळा, असे त्यांनी अनुयायांना सांगितले. काँग्रेसने शिस्तभंगाची कारवाई केली, त्यांनी काँग्रेस सोडली आणि डिसेंबरात मुंबईत स्वतःचा पक्ष काढला. त्याच वर्षी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते मौलाना आझादांविरुद्ध उभे राहिले होते. त्यांना मते पडली दोनशेच्या आत.

आणि मग बेचाळीस. ऑगस्टमध्ये आपल्या विदर्भातली चिमूर आणि आष्टी पेटली. माणसे गोळ्या खाऊन पडली, घरांत शिपाई घुसले. अशा वेळी एखादा माणूस उभा राहून सांगतो, की सरकारशी लढण्याची ही वेळ नव्हे, खरा शत्रू बर्लिनमध्ये आहे. हे कोण ऐकणार? ज्याच्या दारात गोरा सोजीर बंदूक घेऊन उभा आहे त्याला बर्लिन कुठे आहे हे सांगून काय उपयोग? माझ्या आजोबांचा राग मी इथे समजू शकतो, आणि तो चुकीचा होता असे म्हणायला माझी जीभ आजही धजत नाही.

त्यात रॉय यांच्या कामगार महासंघाने युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपयांचे अनुदान घेतले. लपवाछपवी नव्हती, रक्कम कामासाठी होती, रॉय स्वतः काही श्रीमंत झाले नाहीत. पण जन्मभर लोकांच्या पैशाशी वागलेला माणूस म्हणून माझे मत विचाराल तर ही त्यांची मोठी चूक होती. जमाखर्च चोख असला तरी रक्कम कुठून आली हे लोक आधी पाहतात. त्यांच्या प्रत्येक शब्दावर त्या तेरा हजारांचा शिक्का बसला. दुसरी चूक याहून वाईट. ते आणि त्यांचे अनुयायी गांधीजींच्या काँग्रेसलाही फॅसिस्ट म्हणू लागले. विभूतिपूजेबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे होते, पण उपोषण करणाऱ्या माणसाला आणि छळछावणी बांधणाऱ्याला एकच शब्द लावला की तो शब्दच स्वस्त होतो. मॉस्कोने सोशल डेमोक्रॅटांबाबत जी चूक केली म्हणून रॉय भांडले होते, जवळपास तीच त्यांनी घरी येऊन केली, असे मला वाटते.

पुढे साम्राज्य खंगेल हे त्यांचे भाकीत खरे ठरले. भाकीत खरे ठरूनही माणूस हरतो, हे मात्र १९४६ च्या निवडणुकीने दाखवले. त्यांचे उमेदवार जवळजवळ सगळीकडे पडले. त्यानंतर त्यांनी जे केले ते आपल्याकडच्या पुढाऱ्यांत मला तरी दुसरे आठवत नाही: डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी आपला पक्षच विसर्जित केला. पक्ष म्हटला की सत्तेची हाव आली, आणि सत्तेसाठी मग माणसांचा कळप लागतो, असे त्यांचे मत झाले होते. स्टालिनचा रशियाही त्यांना आता त्याच रोगाने पछाडलेला दिसत होता. उरलेली वर्षे त्यांनी डेहराडूनच्या घरात नवमानवतावाद मांडण्यात, शिबिरे घेण्यात आणि बुद्धिवादाचा इतिहास लिहिण्यात घालवली. १९५२ मध्ये मसुरीजवळ डोंगरउतारावरून पडून ते जबर जखमी झाले, आणि २५ जानेवारी १९५४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गेले. एलन यांचा त्याच घरात डिसेंबर १९६० मध्ये खून झाला.

तर्कतीर्थ मराठी विश्वकोशाच्या कामाला लागले. तारकुंडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, निवृत्त झाले, आणि १९७५ ला आणीबाणी आली तेव्हा म्हातारपणी नागरी हक्कांसाठी उभे राहिले. मी त्या वेळी शाळेत होतो. गाड्या वेळेवर धावतात म्हणून आमच्या गल्लीत आनंद होता, हे मला पक्के आठवते. आजोबाही त्यात होते. बेचाळीसला तुरुंगात गेलेले आजोबा.

पुस्तक परत द्यायला मी सहा महिन्यांनी गेलो. वाचले, असे गुरुजींना सांगितले आणि मनात होते तेही विचारले, की बेचाळीस साली तुम्ही चुकला होता असे कधी वाटले का? त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले की गाव तेव्हा जे बोलले ते गावाच्या जागी बरोबर होते. फक्त गावाने त्यांच्या आईला विहिरीवर एकटे पाडायला नको होते. मग त्यांनी चहा टाकला आणि त्या वर्षीच्या ज्वारीचे विचारू लागले.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या गावी गेलो तेव्हा गुरुजी नव्हते, आणि घरच्यांनी ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाकली होती. पुस्तक मात्र मला मिळाले. गुरुजींनी ते शेजारच्या त्याच थकबाकीदाराच्या मुलाला वाचायला दिले होते. मुलगा तेव्हा वाशीमला कॉलेजात शिकत होता. मी मागितल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला की अजून निम्मेच झाले आहे. मी ते त्याच्याकडेच ठेवले.